हिब्रू आणि ग्रीक शब्दांचं नातं कसं तपासायचं: अगदी नवीन असलेल्यांसाठी

यूट्यूबवर किंवा व्हॉट्सॲपवर ती यादी कधी ना कधी तुमच्यापर्यंत आलेलीच असते, डावीकडे हिब्रू शब्द, उजवीकडे ग्रीक शब्द आणि खाली ठळक अक्षरात "म्हणजे या दोन्ही भाषा मुळात एकच!" आता यादीतले काही शब्द खरंच जोडलेले असतात, काही अजिबात नसतात, आणि नुसतं बघून कुठला कुठल्या गटातला ते काही कळत नाही. ते कळायला काय करायचं आणि कुठल्या क्रमाने, एवढंच इथे सांगतोय. हिब्रू-ग्रीक बोलता यायची गरज नाही, अक्षरं वाचता आली आणि थोडा पेशन्स असला की घरबसल्या मोबाइलवर होतं. आणि मराठी येत असेल तर एक हत्यार तुमच्याकडे आधीच आहे, ते पुढे येतंच.

आधी कुळं पक्की करा

ग्रीक ही इंडो-युरोपियन कुळातली. लॅटिन, फारसी, संस्कृत आणि म्हणून मराठीसुद्धा त्याच घरातली. हिब्रू सेमिटिक कुळातली, तिच्या बहिणी म्हणजे अरबी, अरामी, फिनिशियन आणि बॅबिलॉनची अक्कादी. म्हणजे ग्रीक हिब्रूला जेवढी जवळ, त्यापेक्षा कितीतरी जवळ आपल्याला आहे. ऐकायला विचित्र वाटतं पण हा पाया आहे, तो डोक्यात नसेल तर पुढचं सगळं भरकटतं.

आता कुळं वेगळी असताना एक शब्द दोन्हीकडे सापडला तर शक्यता मोजक्याच. हिब्रूने किंवा तिच्या बहिणीने ग्रीकला दिला, ग्रीकने हिब्रूला दिला, तिसऱ्याच कुणीतरी दोघांना दिला, नाहीतर निव्वळ योगायोग. पाचवी एक शक्यता लोक मांडतात, की दोन्ही कुळंच फार फार पूर्वी एक होती. हेर्मान म्योलर नावाच्या डॅनिश अभ्यासकाने 1911 मध्ये या कल्पनेवर एक अख्खा शब्दकोश काढला, पण बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही, आणि नवीन माणसाने तर त्या वाटेला जाऊच नये, कारण तिथे काहीही कशालाही जोडता येतं.

उसना शब्द म्हणजे नातं नव्हे हे आपल्याला कळायला खरं तर सोपं आहे. "केंद्र सरकार" मधलं केंद्र हे ग्रीक केंत्रोन, ज्योतिषाच्या ग्रंथांमधून आलं. "काय दाम?" मधला दाम म्हणजे द्राख्मे हे ग्रीक नाणं, संस्कृतात द्रम्म झालं, मग प्राकृतातून घासत घासत दाम. म्हणून कुणी म्हणत नाही की मराठी ग्रीकमधून निघाली.

अक्षरं स्वतः वाचा, इंग्रजी स्पेलिंगवर जाऊ नका

हिब्रूची 22 अक्षरं, ग्रीकची 24. दोन-चार संध्याकाळी बसलात तर दोन्ही वाचता येतात. आणि पहिलं खरं नातं तिथेच सापडतं. आलेफ, बेत, गिमेल, दालेत आणि तिकडे आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. आलेफ म्हणजे बैल, बेत म्हणजे घर, दालेत म्हणजे दार, हे सेमिटिक भाषांत अर्थ असलेले शब्द आहेत, ग्रीकमध्ये आल्फाला अक्षराच्या नावापलीकडे काही अर्थच नाही. नाव एकीकडे अर्थासकट आणि दुसरीकडे नुसतंच, म्हणजे कुणाचं कुणाकडे गेलं ते उघड आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सांगून गेलाय की अक्षरं फिनिशियन लोकांनी ग्रीकांकडे आणली आणि ग्रीक त्यांना फिनिशियन अक्षरंच म्हणायचे. इथे लक्षात घ्या, दिली फिनिशियन लोकांनी, हिब्रूवाल्यांनी नाही. दोन्ही भाषा एकमेकींच्या इतक्या जवळ की शब्द सारखेच दिसतात, पण समुद्रावर जहाजं घेऊन फिरणारे होते टायर आणि सिडोन या बंदरांचे फिनिशियन. त्यामुळे "हिब्रूतून ग्रीकमध्ये" असं जिथे जिथे लिहिलेलं दिसेल तिथे मनात "फिनिशियन किंवा तिच्या एखाद्या बहिणीतून" असं वाचायचं.

स्पेलिंगचा घोळ असा की इंग्रजीत हिब्रूची दोन वेगळी अक्षरं, हेत आणि खाफ, दोन्ही केएच किंवा सीएच ने लिहितात, त अक्षर दोन, स सारखे आवाज तीन. इंग्रजीत सारखे दिसणारे दोन शब्द मुळात वेगळ्याच अक्षरांचे निघतात. आणि हिब्रूतले स्वर बघून तर काहीच ठरवू नका, शब्दांवर जे ठिपके-रेघा दिसतात ती पद्धत साधारण सातव्या ते दहाव्या शतकात बसवली गेली, जुन्या मजकुरात मुख्यतः व्यंजनंच. तुलना करायची ती व्यंजनांची.

शब्दाची सालं काढा

हिब्रू शब्दाच्या आत बहुतेक वेळा तीन व्यंजनांचा धातू असतो, पुढे-मागे जे चिकटलंय ते काढा. ग्रीक शब्दाचं शेवटचं ओस, ओन, इस, आ हे विभक्तीचं असतं, तेही काढा, आणि पुढचे उपसर्ग सुद्धा. हे न करता तुलना करणारे लोक शेपटाला शेपूट जोडतात.

एक उदाहरण नीट करून बघू. यहुद्यांच्या जुन्या धर्मसभेचं नाव सान्हेद्रिन. दिसायला अस्सल हिब्रू, पण हिब्रूत स-न-ह-द-र असा काही धातू नाही. ग्रीकमध्ये मात्र लगेच उलगडतं, सिन म्हणजे एकत्र, हेद्रा म्हणजे बसायची जागा, सिनेद्रिओन म्हणजे एकत्र बसलेली मंडळी. आणि यातला हेद् म्हणजे आपला सद्, कारण ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा जुना स स्वराच्या आधी आला की त्याचा ह होतो. आपण सम् लावून संसद म्हणतो, त्यांनी सिन लावून सिनेद्रिओन केलं, बनावट तीच. यादीवाला हा शब्द "हिब्रू-ग्रीक समान मूळ" मध्ये टाकतो, प्रत्यक्षात त्याचा अर्धा भाग दिल्लीच्या संसदेचा सख्खा आहे आणि हिब्रू बिचारी फक्त भाड्याने घेऊन बसलीय.

आता संस्कृतला विचारा

हेच ते जास्तीचं हत्यार. ग्रीक शब्दाला संस्कृतात नियमाने जुळणारा भाऊ सापडला तर तो शब्द ग्रीकला वारशाने मिळालाय, हिब्रूकडून घेतलेला नाही, असं बहुतेक वेळा धरून चालायला हरकत नाही. इंग्रजीवाल्याला यासाठी शब्दकोश धुंडाळावा लागतो, आपल्याला सप्त आणि ग्रीक हेप्ता लगेच दिसतं.

हार्पे म्हणजे ग्रीकमध्ये कोयता किंवा वाकडी तलवार, आणि हिब्रूत हेरेव म्हणजे तलवार. ह-र-प आणि ह-र-ब, अर्थ तोच, यादीवाला खूश. पण वर सांगितलेला नियम लावा, ग्रीक ह म्हणजे जुना स, म्हणजे मूळ सर्प् सारखं काहीतरी असणार, आणि खरंच रशियनमध्ये कोयत्याला सेर्प म्हणतात, लॅटिनमध्ये सार्पेरे म्हणजे छाटणं. हिब्रूच्या शब्दाच्या सुरुवातीला मात्र स कधीच नव्हता, तिथे घशातला हेत आहे आणि अरबीतही तसाच आहे, हर्ब म्हणजे युद्ध. मागे जावं तसे दोन शब्द एकमेकांपासून लांब जातात. म्हणजे योगायोग.

याहून भारी केस म्हणजे मिसळ. होय, आपली मिसळ. संस्कृत मिश्र, ग्रीक मिस्गो म्हणजे मिसळणे, लॅटिन मिस्केरे, हे सगळे एका घरातले. हिब्रूत मासाख म्हणजे वाइनमध्ये काहीतरी मिसळणं, बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या नवव्या अध्यायात स्त्रीरूपातलं ज्ञान मेजवानीसाठी वाइन मिसळून ठेवते तिथे हाच धातू आहे, म-स-ख. शेजारीच म-झ-ग हाही धातू, अर्थ तोच, बायबलमधल्याच गीतरत्नात मेझेग असा येतो. अरबीत त्याच्याच जोडीचा म-झ-ज, त्यातून मिजाज, म्हणजे शरीरातल्या रसांचं मिश्रण आणि म्हणून स्वभाव, आणि तो फारसीमार्गे मराठीत येऊन झाला मिजास. म्हणजे "मिसळ खाताना मिजास करू नको" या वाक्यात दोन कुळं समोरासमोर बसलीत. मिसळ-मिस्गो हे नातं पक्कं. मिजास-मेझेग हेही आपल्या घरात ठीक. पण या दोन घरांना जोडणारा पूल आहे का? लोकांनी मांडून बघितलाय, नियमाने तो उभा राहत नाही, कारण इंडो-युरोपियन बाजूला मूळचा आवाज क च्या जातीचा होता, त्याचा संस्कृतात श झाला. वहीत "वादग्रस्त" लिहा आणि पुढे चला.

शब्दाचं जुनं रूप काढा

आजचं रूप बघून ठरवायचं नाही. हिब्रूत सहा म्हणजे शेश. फारसीत सहा म्हणजे शेश. शंभर टक्के सारखे, आणि तरी संबंध शून्य! अरबी बघा, सित्ता म्हणजे सहा आणि सादिस म्हणजे सहावा, त्यात द लपलेला आहे, मूळ सेमिटिक रूप शिद्थ सारखं होतं, ते हिब्रूत घासून शेश झालं. फारसीचा शेश आपल्या षट्‌चा भाऊ. दोन वेगळ्या डोंगरांवरून उतरलेली माणसं एकाच फाट्यावर भेटली एवढंच. (इस्रायलमध्ये त्या सोंगट्या-फाशांच्या खेळाला शेश-बेश म्हणतात, त्यातला शेश फारसी आहे आणि बेश तुर्की पाच, पण खेळणाऱ्याला तो आपलाच वाटतो.)

उलटंही होतं, आज लांब दिसणारे शब्द मागे गेल्यावर जवळ येतात. हिब्रू शोर म्हणजे बैल आणि ग्रीक ताउरोस, काहीच जमत नाही ना? पण हिब्रूच्या या श च्या जागी अरामीत त आहे, तोर, अरबीत थौर. मूळ सेमिटिक थौर. आता ताउरोसशेजारी ठेवा. तसंच वाइन. हिब्रू यायिन, ग्रीक ओइनोस. हिब्रूत शब्दाच्या सुरुवातीचा जुना व बदलून य होतो, म्हणून आधी वायन. ग्रीकमधला सुरुवातीचा व पुढे गळून गेला, म्हणून आधी वोइनोस. वायन, वोइनोस, लॅटिन विनुम, जॉर्जियनमध्ये घ्विनो. एवढं साम्य योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, पण कुणाकडून कुणाकडे याचं भांडण मिटलेलं नाही. केरेन म्हणजे शिंग आणि ग्रीक केरास, हे तिसरं. केरासला आपल्याकडे शृंग आणि शिंग असे भाऊ आहेत त्यामुळे संस्कृतची परीक्षा तो पास होतो, पण सेमिटिक कर्न सुद्धा सगळ्या बहिणींमध्ये आहे. बैल, वाइन, शिंग आणि सात, शेवा-हेप्ता-सप्त, हे चार-पाच शब्द या विषयातला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग आहेत, कारण जी काही देवाणघेवाण असेल ती ग्रीक आणि हिब्रू आपापल्या कुळात वेगळ्या भाषा व्हायच्याही आधीची असावी लागते. नवीन माणसाने निकाल द्यायची घाई करू नये. मला स्वतःला बैलाच्या बाबतीत उसनवारी जास्त पटते, सात बद्दल नाही, कारण सेमिटिक बाजूला शेवटी घशातला आयिन आहे आणि इंडो-युरोपियन मूळ रूपात तिथे म (लॅटिन सेप्तेममध्ये दिसतो तो), त्याचं काय झालं हे कुणी धड सांगत नाही.

तारीख विचारा

हे सगळ्यात कमी लोक करतात आणि यातच निम्मी भांडणं मिटतात. शब्द पहिल्यांदा कुठे आणि कधी लिहिलेला सापडतो?

ग्रीकसाठी आपलं नशीब जोरावर आहे. ग्रीसमधल्या क्नोसोस आणि पिलोस इथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची लिनियर बी लिपी 1952 मध्ये मायकेल व्हेंट्रिसने उलगडली, पेशाने आर्किटेक्ट होता, आणि निघाली ती ग्रीकच, इसवी सनापूर्वी साधारण 1400 ते 1200 ची. त्या पाट्या म्हणजे राजवाड्याच्या गोदामाचे हिशेब, किती मेंढ्या, किती लोकर, असला मामला. त्यात की-तो म्हणजे खितोन, अंगरखा. कु-रु-सो म्हणजे ख्रिसोस, सोनं. सा-सा-मा म्हणजे तीळ, कु-मि-नो म्हणजे जिरं. आणि हे चारही शब्द सेमिटिक. अंगरख्याला हिब्रू कुत्तोनेत, बायबलमधल्या योसेफचा तो प्रसिद्ध झगा म्हणजे कुत्तोनेतच, अक्कादीत कितू म्हणजे लिनन. जिऱ्याला हिब्रू कम्मोन. सोन्याला हिब्रूत रोजचा शब्द जाहाव आहे, हारूत्स हा फक्त कवितेत येतो, पण फिनिशियनमध्ये सोन्याला ह-र-त्स हाच नेहमीचा शब्द, म्हणजे ग्रीकांनी तो कुणाच्या तोंडून ऐकला असेल ते वेगळं सांगायला नको.

हिब्रूसाठी ढोबळ नियम असा लावा. शब्द बायबलच्या जुन्या भागात असेल तर तो ग्रीकमधून आलेला असण्याची शक्यता कमी, गेला असेल तर तिकडे गेला. अलेक्झांडर इसवी सनापूर्वी 332 मध्ये त्या भागात आला, त्यानंतर ग्रीक ही राज्यकारभाराची आणि बाजाराची भाषा झाली, आणि मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात, जो इसवी सन 200 च्या आसपास संकलित झाला, ग्रीक शब्दांचा नुसता पूर आहे. मधला टप्पा बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकात दिसतो, तिसऱ्या अध्यायात राजाच्या बँडची वाद्यं आहेत, काइतरोस, प्सान्तेरिन, सुम्पोन्या, तिन्ही ग्रीक. काइतरोस म्हणजे किथारा, ज्यातून पुढे गिटार आली. आपली सतार मात्र यात घुसडू नका, ती फारसी सेह-तार, तीन तारांची.

आणि आधुनिक हिब्रू बाजूला ठेवा. ती बोलीभाषा म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुन्हा उभी राहिली, तिच्यातला पोलितिका किंवा हिस्तोरिया हा पुरावा नाही.

शब्दाचं घर कुठलं?

दिशा ठरवायची सोपी खूण, कुठल्या भाषेत त्या शब्दाचे भाऊबंद आहेत? धुपाला ग्रीकमध्ये लिबानोस म्हणतात, ग्रीकमध्ये तो एकटाच उभा. हिब्रूत लेवोना, आणि ल-ब-न म्हणजे पांढरा, त्यातून लावान पांढरा, लेवाना चंद्र, बर्फाने पांढरा झालेला लेबनॉन पर्वत. अख्खं खानदान तिकडे आहे म्हणजे घर तिकडचं. अरबीत हाच लुबान, आणि दर्ग्यात नाहीतर संध्याकाळी दुकानात फिरवतात तो लोबान, तोच.

पण इथे एक मोठा सापळा आहे. हिब्रू ही भाषा उसन्या शब्दाला सुद्धा आपल्या धातूच्या साच्यात घालून क्रियापदं पाडते. झुग म्हणजे जोडी, त्यातून झिवुग म्हणजे जुळणी, लेहिझदावेग म्हणजे जोडी जमवणं, असं भरलेलं घर बघून कुणीही म्हणेल की हा अस्सल हिब्रू धातू. आणि तो आहे ग्रीक झेउगोस, जोडी, ज्याचा भाऊ संस्कृत युग आणि मराठीत बैलांच्या मानेवरचं जू! तसंच स्फोंगोस म्हणजे स्पंज, त्याचं हिब्रूत स्फोग आणि लिस्पोग म्हणजे शोषून घेणं. कातेगोरोस म्हणजे आरोप करणारा, त्याचा कातेगोर झाला आणि पुढे क्रियापद पाडताना अक्षरांची जागा बदलून लेकात्रेग. म्हणून नुसते भाऊबंद मोजू नका, तारीखही बघा, हे सगळे मिश्नाच्या आसपासचे आहेत, बायबलच्या जुन्या भागात झुग नाही.

उसन्या ग्रीक शब्दाची अजून एक खूण म्हणजे पुढे चिकटलेला इ. हिब्रूला शब्दाच्या सुरुवातीची जोडव्यंजनं झेपत नाहीत, म्हणून स्तादिओनचं इत्स्तादिओन, स्त्रोबिलोसचं इत्स्त्रुबाल म्हणजे पाइनचं फळ. आपल्याकडे गावात स्टेशनचं इस्टेशन होतं अगदी तसंच.

वस्तू कुठून येत होती?

उसने शब्द हवेतून येत नाहीत, पोत्यातून येतात. पोतं सुद्धा त्यातच, हिब्रू साक, ग्रीक साक्कोस. आत्तापर्यंतचे पक्के शब्द बघा, कपडा, सोनं, तीळ, जिरं, धूप, त्यात मोर-मिर्रा म्हणजे बोळ आणि किन्नामोन म्हणजे दालचिनी हेही घाला. सगळा व्यापारी माल. हात, पाय, पाणी, येणं-जाणं हे शब्द जुळत नाहीत, आणि खरं नातं असतं तर तेच आधी जुळले असते. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर उलुबुरुन इथे 1982 मध्ये एका स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला बुडालेल्या जहाजाचे अवशेष दिसले, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या शेवटचं जहाज, त्यात सुमारे 10 टन तांबं, कनानी घडे भरून राळ, काच, हस्तिदंत, आणि एक बिजागरीची लाकडी घडीची पाटी, आत मेण भरून त्यावर लिहायची. अशा पाटीला ग्रीकमध्ये देल्तोस म्हणतात. हिब्रूत देलेत म्हणजे दार. दाराच्या दोन फळ्यांसारखी उघडणारी पाटी डोळ्यासमोर आणा, मग हे दोन शब्द एकमेकांशेजारी का बसवतात ते वेगळं समजवावं लागत नाही.

आणि माल तिसऱ्याचाच असेल तर? बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात राजवाड्यातल्या पडद्यांचं वर्णन आहे, त्यात कारपास नावाचं कापड येतं. ग्रीकमध्ये कार्पासोस. हिब्रू-ग्रीक समान मूळ? नाही हो, संस्कृत कर्पास, आपला कापूस, इराणमार्गे तिकडे गेलेला. नेर्द-नार्दोस हे अत्तर म्हणजे नलद, हिमालयातली जटामांसी. पण म्हणून लगेच कॉलर ताठ करू नका. सप्पीर-साप्फेइरोस हा नीलमणी-वर्गातला शब्द "शनिप्रिय" पासून आला असं आपल्याकडे फॉरवर्ड होत असतं, डिक्शनऱ्यांमध्येही ती शक्यता म्हणून दिलेली दिसते, पण ती वादग्रस्त आहे. जे यादीवाल्याला लावता तेच स्वतःला लावा.

बघायचं कुठे

हिब्रूसाठी सेफारिया. फुकट आहे, बायबलपासून तालमुदपर्यंत (मिश्नावरच्या चर्चांचा मोठा यहुदी ग्रंथ) मजकूर आहे, शब्दावर टॅप केलं की क्लाइनची व्युत्पत्ती आणि यास्ट्रोची तालमुदी डिक्शनरी खाली उघडते. ग्रीकसाठी पर्सिअस किंवा लोगेइओन, तिथे लिडेल-स्कॉट हा ग्रीक-इंग्रजी कोश आहे. व्युत्पत्तीसाठी बेकेसचा 2010 चा कोश, फक्त एवढं लक्षात ठेवा की त्या गृहस्थांना प्रत्येक अडलेल्या शब्दाला "ग्रीकपूर्व स्थानिक भाषा" म्हणायची खोड आहे. विक्शनरी सुरुवातीला चालते. स्ट्राँगचे नंबर, म्हणजे बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला दिलेले क्रमांक, बायबलमधली जागा शोधायला उत्तम, व्युत्पत्तीसाठी त्यावर विसंबू नका, ते काम 1890 चं आहे. वही किंवा शीट करा, रकाने एवढेच: व्यंजनं, जुनं रूप, पहिली तारीख, संस्कृत भाऊ, घर, वस्तू, निकाल. निकालात "पक्कं उसनं, बहुधा, वादग्रस्त, योगायोग" यापलीकडे काही लिहायचं नाही.

एक शब्द पूर्ण करून बघू

ग्रीक आर्राबोन, म्हणजे बयाणा, इसार. हिब्रू एरावोन. ओन हे शेपूट दोन्हीकडे आहे, ते काढा, उरतं आयिन-र-ब आणि अर्र-ब. आयिन हा घशातला आवाज ग्रीकमध्ये नाहीच, तो गळणार. संस्कृत भाऊ? नाही. ग्रीकमध्ये भाऊबंद? नाहीत. हिब्रूत आयिन-र-ब म्हणजे जामीन राहणं, भरपूर रूपं. तारीख, बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 38 व्या अध्यायात यहूदा तामारला बकरू पाठवीन म्हणतो आणि तोवर एरावोन म्हणून आपला शिक्का, दोरी आणि काठी तिच्याकडे ठेवतो. ग्रीक बाजूला ॲरिस्टॉटल राजनीतीवरच्या ग्रंथात थेल्स या तत्त्वज्ञाचा किस्सा सांगतो, की यंदा ऑलिव्ह जोरात येणार हे ओळखून त्याने हिवाळ्यातच मिलेतस आणि खिओसचे सगळे तेलाचे घाणे थोडे थोडे आर्राबोन देऊन अडवून ठेवले आणि हंगामात हवा तो भाव लावला. वस्तू म्हणाल तर हा बाजाराचाच शब्द, फिनिशियन व्यापारी बयाण्याशिवाय माल कशाला सोडतील. निकाल: पक्कं उसनं, सेमिटिककडून ग्रीककडे. आजच्या ग्रीकमध्ये आर्रावोनास म्हणजे साखरपुडा.

पुण्यात 1874 मध्ये हगादा, म्हणजे वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासकट छापली होती, आपल्या बेने इस्राएल यहुद्यांसाठी. त्या हगादामध्ये आफिकोमान असा एक शब्द आहे, हिब्रू वाक्यात बसलेला पण हिब्रू न वाटणारा. त्याच्यावर वरचे सगळे रकाने भरून बघा. मग मेखेरा आणि ग्रीक माखाइरा, तलवार, हा घ्या, उत्पत्तीच्या 49 व्या अध्यायात याकोब शिमोन आणि लेवीला झापतो तिथला. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये बसून राशी हा भाष्यकार सांगून गेलाय की हा शब्द ग्रीकमध्ये तलवारीला वापरतात. त्याचं ऐकायचं की नाही ते तारखेच्या रकान्यापाशी आलात की ठरवा.